ओलकाकांचा काचेचा पेला

पुरावा गिळणाऱ्या लोकांबद्दल मी ऐकून होतो. कुणी चिठ्ठी गिळतं, कुणी शब्द गिळतं. माझ्या हातून मात्र एक पुरावा अगदी घटाघटा, डोळे मिटून, वर समाधानाचा ढेकर देऊन गिळला गेला. आणि तो गिळण्याआधी बघून त्यावर अहवाल लिहायला मला कार्यालयाने मुद्दाम पाठवलं होतं.

झालं असं, की बसने मला फाट्यावर उतरवलं आणि पुढचा तासभर रस्ता मी आणि ऊन, असे दोघेच चाललो. रस्ता संपला तिथे गवताने मढवलेली एक लांबच लांब टेकडी आडवी पडली होती. तीच धरणाची भिंत, हे मला नंतर कळलं. आमच्या कार्यालयाच्या ताब्यातलं सगळ्यात लहान धरण, नुसत्या मातीचं. तिच्या पायथ्याशी चौकीदाराची खोली. दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. खिडकीच्या कट्ट्यावर एक काचेचा पेला, काठोकाठ भरलेला, वर बशी झाकलेली. तहानेने माझी जीभ टाळूला चिकटली होती. बशी बाजूला केली आणि पेला तोंडाला लावला. पाणी छान गार होतं. शेवटच्या घोटाला जरा कचकच लागली, पण तहानलेल्या माणसाने इतकं चोखंदळ असू नये म्हणून तोही घेतला.

पेला खाली ठेवतो तर दारात एक उंच, कमरेत किंचित वाकलेला म्हातारा उभा. हातात विळा, डोक्याला पंचा. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो रिकाम्या पेल्याकडे बघत होता.

"प्यायलात?"

"हो. माफ करा हं, फार तहान लागली होती. तुमचं प्यायचं पाणी होतं का?"

"नाही."

मग माझ्या पोटात नेमकं काय गेलंय, हे विचारायचा धीर होईना.

"शेवटी दाताखाली काही आलं?" त्याने विचारलं.

"आलं जरासं. कचकच."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. आपल्या घरचं पाणी पाहुण्याच्या दाताखाली कचकचलं याचा एवढा आनंद झालेला यजमान मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"मग झालं तर! लिहा तसं."

"काय लिहू?"

"धरणातून माती येतेय म्हणून. कालपासून ठेवलं होतं ते पाणी, गाळ तळाशी बसावा म्हणून. कार्यालयातून कोणी आलं तर दाखवावा, असं मनात होतं." मग पंच्याने तोंड पुसत तो म्हणाला, "दाखवायला ठेवलं होतं, भाऊसाहेब. पाजायला नव्हे."

हे ओलकाका.

हे नाव त्यांना कार्यालयाने ठेवलेलं. मी तिथे आवक कारकून, म्हणजे बाहेरून येणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर आपटणार, त्यावर मी शिक्का आपटणार, आणि मग ते ज्याच्या त्याच्या टेबलावर धूळ खायला जाणार. ओलकाकांची पत्रं मी नऊ वर्षं आपटत होतो. मजकूर साधारण असा : 'पश्चिमेकडील उतारावर घुशीचे बीळ आढळले. बुजवले. सांडव्याजवळील दोन दगड निसटले होते. बसवले. जिन्याच्या उजव्या अंगास ओल दिसते, ती नेहमीची आहे. बाकी ठीक. या आठवड्यात कोणी आले नाही.' शेवटचं वाक्य दर पत्रात असायचं. ते का लिहितात, हे कुणी विचारलं नाही. मी शिक्का नेमका त्याच वाक्यावर मारायचो, कारण तिथे जागा मोकळी असायची.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. त्यानंतर महिन्याला एक यायचं ते पत्र आठवड्याला यायला लागलं. कार्यालयात हसणं झालं. "म्हाताऱ्याला करमत नाही, दुसरं काय. ओल धरणाला नाही, त्याच्या डोळ्यांना आहे," असं आमचे वरिष्ठ लिपिक म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. हे लिहायला नको होतं, पण पेल्याचं कबूल केलंय तर हेही करून टाकतो.

अशात लागोपाठ अकरा पत्रं एकाच ओलीची आली : 'जिन्यापासून डावीकडे चौदा पावलांवर नवी ओल आहे. कोणीतरी येऊन बघावे.' साहेबांनी, म्हणजे आमच्या अभियंत्यांनी, मला बोलावलं. "तुम्ही जा. मला वेळ नाही. माती येत असेल तर फोन करा, मी धावत येतो. म्हातारा आणखी वर्षभर तिथे राहील, मी स्वतः शिफारस करीन. नसेल, तर त्याचं मन ठिकाणावर नाही म्हणून दोन ओळी लिहा. पोरीकडे जाऊन सुखाने राहू दे. पाण्याची पातळी सांगायला यंत्र बसवायचंच आहे तिथे."

म्हणजे त्या पेल्याच्या तळाशी मातीबरोबर ओलकाकांचं घरही बसलेलं होतं, आणि ते मी एका दमात रिचवलं होतं.

"मी प्यायलो आणि कचकच लागली, असं अहवालात कसं लिहिणार हो काका?"

"का? खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण साहेब म्हणतील—"

"साहेबांना म्हणावं, तुम्हीही या आणि प्या."

तसं चालण्यासारखं नव्हतं. नवा पेला भरायचा, तो उद्या सकाळपर्यंत हलवायचा नाही, आणि तोवर मी तिथेच थांबायचं, असं ठरलं. ओलकाकांनी पेला तीन वेळा विसळला. तिसऱ्यांदा विसळताना माझ्याकडे बघून घेतलं.

त्या चौदा पावलांवर त्यांनी मला नेलं. पावलं त्यांची होती, माझी सतरा भरली. गवतात हातभर जागा काळपट, मऊ. मधोमध बोटाएवढा झरा, आणि त्याच्या तोंडाशी त्यांनी पन्हळीचा एक तुकडा खोचलेला.

"धरण म्हणजे माणूसच," ते म्हणाले. "घाम येणारच. एवढं पाणी पाठीवर घेऊन उभं राहायचं म्हणजे गंमत नाही. घाम नितळ असला, की तब्येत ठणठणीत. घामाबरोबर अंगातली माती यायला लागली, की समजायचं, आतून कुणीतरी पोखरतंय."

मी सहज भिंतीकडे मान वर करून पाहिलं. तोवर ती मला टेकडी वाटत होती. पलीकडे माझ्या डोक्याच्या वर अख्खं तळं उभं आहे, हे एकदम ध्यानात आलं आणि मी दोन पावलं मागे सरलो.

"मागे सरून काय होणार?" काका म्हणाले. "एकतीस वर्षं इथे झोपतोय मी."

गंमत अशी, की एकतीस वर्षं तळ्याकाठी राहिलेल्या या माणसाच्या घरातून तळ्याचा एक थेंब दिसत नाही. खोली पायथ्याशी, खिडकी भिंतीकडे. खिडकीतून दिसतं ते गवत, आणि गवताच्या वर आभाळाची एक पट्टी. पाणी बघायचं तर एक्क्याऐंशी पायऱ्या चढायच्या. ते रोज सकाळी चढतात. माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, डोळे जमिनीला लावून, भेग दिसते का बघत. येताना पाण्याच्या अंगाचा दगडी उतार बघतात. मी बरोबर गेलो. वर वारा होता, पाणी लांबवर पसरलेलं, त्यावर पाचदहा काळे पक्षी. मी म्हणालो, "काय सुंदर आहे हो!" काकांनी तिकडे मान वळवली आणि म्हणाले, "दीड हात उतरलंय."

भिंतीवर झाड म्हणून औषधाला नव्हतं. झुडूप वीतभर झालं की ते उपटतात. मुळं आत घुसतात, मग झाड मरतं, मूळ कुजतं आणि पाण्याला आयतं बोगद्यासारखं भोक मिळतं. भिंतीवर आणि पायथ्यापासून वीस पावलांच्या आत झाड नको, हा त्यांच्या नोकरीचा पहिला नियम. त्यामुळे दुपारी एकतीस अंश असो की एक्केचाळीस, सावली काय ती खोलीच्या आतच.

खोलीत दोन खुर्च्या. एकीवर काका बसत. दुसरीवर घडी घातलेलं पांघरूण, बॅटरी, विळ्याला धार लावायचा दगड. मला बसायला द्यायला त्यांनी तो पसारा उचलला, आणि मग तो कुठे ठेवावा हे न सुचून बराच वेळ हातात धरून उभे राहिले. फडताळात दोन कप. एक रोजच्या वापराचा, कानाला चिरलेला. दुसरा कोरा करकरीत. कोऱ्या कपात त्यांनी मला चहा दिला, आणि मी पीत असताना सारखे कपाकडे बघत होते. पेल्याचा अनुभव ताजा होता म्हणा, किंवा आणखी काही.

चहा घेऊन मी दाराच्या पायरीवर बसायला गेलो. पायरी एका बाजूने झिजून खोलगट झाली होती. बसल्यावर समोर कपडे वाळत घालायची दोरी दिसली, खिडकीच्या गजापासून थेट पायथ्यापर्यंत ताणलेली. पलीकडचं टोक एका लोखंडी कांबीला. कांबीच्या शेजारी ती ओल.

"दोरी एवढी लांब कशाला?"

"दुपारनंतर भिंतीची सावली पडते. ऊन तेवढ्याच पट्ट्यात येतं. हिने शोधून काढलेली जागा. तुम्ही बसलाय ना, तिथेच पायरीवर बसून ही कपडे राखायची." काका आत भांडी घासत होते, तिथूनच बोलले. "आधी कांब नव्हती, काठी होती. बाजारातून भारा आणला होता लाकडांचा, त्यातली एक हिने ठोकली. दोन महिन्यांनी बघतो तर काठीला पानं! तुतीची निघाली."

"काठी फुटली?"

"फुटली म्हणजे काय, झाड झालं! मी म्हटलं, अगं, हे इथे चालायचं नाही. तर म्हणते, मी कुठे लावलंय? मी कपडे वाळत घालायला काठी ठोकली. आता तिला जगावंसं वाटलं त्याला मी काय करू?" ते हसले. भांड्यांचा आवाज थांबला. "म्हटलं, पुढच्या वर्षी काढू. मग त्याच्या पुढच्या वर्षी. सहा वर्षं गेली. पोरगी शाळेतून आली की झाडाखाली. तोंड जांभळं, फ्रॉक जांभळा. वाळत घातलेल्या चादरींवर जांभळे ठिपके. ही ओरडायची, आणि मग स्वतःच ओंजळ भरून आणायची."

"मग?"

"मग काय. एका वर्षी नोकरीला जागलो. तोडलं."

आत पुन्हा भांडी वाजायला लागली. मीही विचारलं नाही. आमच्या खात्यात एक चांगली सवय लागते, समोरचा गप्प झाला की आपण फाईल बंद करायची.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. फोन कानाला लावला तरी तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तिच्याकडून बहुधा धरण ओलांडूनच बोलावं लागत असावं.

"बाबा, सामान आवरलंत का?"

"ओल आहे इथे."

"तुमच्याकडे नेहमीच ओल असते! इकडे खोली रंगवून तयार आहे. हे विचारतात, बाबा कधी येणार? मी काय सांगू?"

"जावयांना म्हणावं, रंग वाळू द्या नीट."

"बाबा, आई असती तर कधीच आणलं असतं तिने तुम्हाला."

"ती असती तर," काका म्हणाले, "मी आलोही असतो." आणि ती जेवलात का विचारत होती, तोवर त्यांनी फोन खाली ठेवला.

मी धीर करून विचारलं, "काका, खरं सांगा. ती पत्रं ओलीसाठी लिहीत होता, की कोणीतरी यावं म्हणून?"

"आधी कोणी यावं म्हणून," ते सरळ म्हणाले. "ही अकरा ओलीसाठी. त्यातच घोळ झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पेल्यापाशी उभं केलं. हात मागे बांधायला सांगितले. ऊन भिंतीवर आलं, खिडकीतून उजेड पेल्यात उतरला. वरचं पाणी नितळ. तळाशी नखाच्या पांढऱ्या कोरीएवढा पिवळसर थर, मऊ पिठासारखा. मी खाली वाकून बघत राहिलो. तेवढं माझ्या पोटात गेलं होतं. धरणाचा तेवढा भाग कायमचा माझा झाला होता.

मी साहेबांना फोन केला. साहेब म्हटल्याप्रमाणे खरंच धावत आले. पेला बघितला, ओल बघितली, आणि अकरा पत्रांपैकी एकाचाही उल्लेख न करता काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही होता म्हणून." काका त्यांच्या हाताखालून हळूच बाजूला झाले आणि झडपेचं चाक फिरवायला गेले. पाणी उतरवायचं, पण हळूहळू, रोज हातभर. एकदम उतरवलं तर पलीकडचा उतार ओला ओलाच खाली घसरतो. पंधरा दिवस ते चाक सकाळ-संध्याकाळ काकांनी स्वतः फिरवलं.

सोळाव्या दिवशी खोदाई. साहेब, दोन मजूर, मी, आणि चौदा पावलांवर ताठ उभे ओलकाका. कमरेएवढं खणल्यावर मजुराचं फावडं कशात तरी भसकन घुसलं. मातीत एक पोकळी होती, मनगटाएवढी, भिंतीच्या पोटात शिरलेली. तिच्या आत काळ्या सालीचं अस्तर. बोट लावलं की भुगा होत होता.

"मूळ आहे," साहेब म्हणाले. "जुनं. कुजून पोकळ झालंय. इथे झाड होतं? आपल्या कागदांत तर कधीच नोंद नाही."

मी काकांकडे बघितलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं. साहेब माझ्याकडे वळले, "लिहून टाका. बांधकामाच्या वेळचं जुनं मूळ, आत राहिलेलं." म्हणजे कुणाचाच दोष नाही. काकांचं वर्ष पक्कं. मी पेन काढलं. इतकं सुटसुटीत वाक्य आमच्या खात्यात वर्षा-दोन वर्षांनी एखादंच मिळतं.

"तसं नका लिहू," ओलकाका म्हणाले. "तुतीचं आहे. झाड माझ्या घरचं. सहा वर्षं मी वाढू दिलं. चौदा वर्षांपूर्वी वरून तोडलं. मूळ मी ठेवलं."

साहेबांनी चष्मा काढला. "काका, मूळ काढायचं असतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

काकांनी वाकून सालीचा भुगा बोटांनी उचलला.

"हे कागदावर आलं, तर मला शिफारस करता येणार नाही. कळतंय ना?"

"ओल पहिल्यांदा दिसली, त्या दिवशीच कळलं होतं," काका म्हणाले. "जागा ओळखीची होती."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो काही सुखाचा नव्हता. या माणसाने अकरा पत्रं लिहून आम्हाला ज्या जागी बोलावलं, तिथे त्याची स्वतःचीच चूक पुरलेली होती. आम्ही हसत होतो, शिक्के मारत होतो, आणि तो दर आठवड्याला नव्या कागदावर स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवत होता. खाली 'बाकी ठीक' लिहून.

मूळ निघालं. खड्ड्यात आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी, असे थर घातले, म्हणजे पाणी येईल पण माती आतच अडेल. थर काकांनी स्वतः पसरले, गुडघ्यावर बसून, तळहाताने, अंथरुणाच्या सुरकुत्या काढाव्यात तसे. मजुरांना हात लावू दिला नाही. अहवाल मी लिहिला, त्यांनी सांगितला तसा. महिनाअखेर त्यांना निवृत्त केल्याचं पत्र निघालं. ते जावक विभागातून गेलं, तेवढं एक बरं झालं. त्यावर शिक्का मला मारावा लागला नाही.

ताबा घ्यायला मात्र मीच गेलो. यंत्र माथ्यावर बसलं होतं, एका खांबावर, लहानशी पेटी. ते पाणी मोजून आपणच कळवतं. कोणी आलं की नाही, हे ते कळवत नाही. तळं पुन्हा भरत आलं होतं. खोलीत एक पत्र्याची पेटी आणि वळकटी बांधून ठेवलेली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. दोरी सोडून गुंडाळली होती.

काकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मग कट्ट्यावरचा पेला उचलून उजेडात धरला. वर बशी होती, म्हणजे कालपासूनचं पाणी. तळ स्वच्छ. त्यांनी पेला माझ्यापुढे केला.

"घ्या. आता बिनधास्त प्या."

मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. कचकच नव्हती. पेला त्यांनी विसळला, पुसला, पंच्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि पेटीवरच बसून राहिले. त्यांना न्यायला गाडी यायची होती. मी दाराच्या पायरीवर टेकलो, त्या झिजलेल्या खोलगट जागी. तिथून समोर दुसरं काही दिसतच नव्हतं. सरळ रेषेत ती चौदा पावलांवरची जागा, आता नव्या मातीची, गवत न उगवलेली.

मला राहवलं नाही. "काका, वर्षानुवर्षं वीतभर झुडूपसुद्धा उपटलंत तुम्ही. कुऱ्हाड हातात होती, फावडं दाराशी होतं. त्याच दिवशी मूळही खणून का नाही काढलंत?"

ओलकाकांनी मी बसलो होतो त्या पायरीकडे पाहिलं.

"ती बघत होती."